शंभराच्या आतला पगार

माझ्या नवऱ्याला पगार किती मिळतो, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी मालवणच्या एका वकिलाच्या ऑफिसात कळलं. तोवर कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. घरात तांदूळ आले, रॉकेल आलं, चतुर्थीला लुगडं आलं, की पगार झाला असं समजायचं. बायकोनं आकडा विचारायचा नसतो, असं माझ्या आईनं मला शिकवलं होतं आणि तिला तिच्या आईनं.

तो मालवणात एका दवाखान्यात कंपाउंडर होता. तिथल्याच मेढा भागात भाड्याच्या दोन खोल्या होत्या. तिथं तो, मी आणि सासू. सासूला मी आये म्हणायची. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आरोंद्याला आले. मुलगी झाली. बारशाला तो आला, मुलीला हातात घेतलं, पाळण्याची दोरी ओढली आणि जाताना म्हणाला, "पाऊस सरलो काय न्हेवक येतंय."

पाऊस सरला, भात कापून झालं, शिमगा झाला. तो आला नाही. आधी पैसे येत होते ते कमी झाले आणि मग बंदच झाले. शेवटी मालवणची एक ओळखीची बाई शिरोड्याला सासरी आली होती, ती मुद्दाम आमच्याकडे येऊन गेली. तिनं मला मागीलदारी बोलावलं आणि सांगितलं, "गो, तुझ्या घोवान दुसरी हाडल्यान घरात. विधवा बाय आसा, तिका पयलो एक झील आसा. औषध न्हेवक येय दवाखान्यात." माझ्या नवऱ्यानं घरात दुसरी आणली होती, पहिला मुलगा असलेली विधवा. एवढं सांगून ती स्वतःच रडायला लागली. मला रडू आलं नाही. मुलीला भूक लागली होती, तिला घ्यायला मी आत गेले.

माझा भाऊ शिरोड्याच्या मिठागरात कामाला होता. त्याची तीन मुलं, बायको आणि आता आम्ही दोघी. त्यानं मला कधी तोंडावर बोलून दाखवलं नाही. वहिनीही वाईट नव्हती. पण पेज वाढताना तिचा हात आधी माझ्या वाडग्याकडे यायचा, मग थबकायचा, मग मुलांकडे जायचा. ते मला रोज दिसायचं. ती तरी काय करणार, भांड्यात होतं तेवढंच होतं.

दीड-दोन वर्षं अशी गेल्यावर भाऊच म्हणाला, "कोर्टात जावया. पोटगी तुझ्या हक्काची आसा."

मालवणला एक वकील होते. वयस्कर, बारीक अंगाचे, बोलताना चष्मा काढून हातात धरायचे. ऑफिसात ते शुद्ध मराठीत बोलत, म्हणून मीही जपून शाळेतलं मराठी बोलायची. मी पाचवीपर्यंत शिकलेली होते. वकिलांनी माझा नादारीचा दावा केला, म्हणजे कोर्टाची फी भरायची ऐपत नाही असं लिहून देऊन करतात तो. तारखा पडल्या. प्रत्येक तारखेला आरोंद्याहून सावंतवाडी, तिथून कुडाळावरून मालवण, मुलगी कडेवर.

कोर्टात तो समोर उभा राहिला तेव्हा मी त्याला दोन वर्षांनी बघत होते. वाळला होता. शर्टाची कॉलर उलटून शिवलेली होती. न्यायाधीशांनी विचारलं, "हिला नांदवायला तयार आहात का?" तो गप्प. "दुसरी बाई घरात आहे हे खरं?" तो म्हणाला, "होय." त्यानं काहीच नाकारलं नाही. वकिलांनी मला नंतर सांगितलं, असा प्रतिवादी त्यांनी फार कमी बघितला. मला मात्र त्याचा जास्तच राग आला. भांडला असता तर मला चार शब्द बोलता आले असते.

हुकूमनामा माझ्या बाजूनं झाला. दर महिन्याला पोटगी द्यायची. त्या दिवशी घरी आल्यावर वहिनीनं घावणे केले. भाऊ मुलीला खांद्यावर घेऊन अंगणात नाचला. आम्हाला वाटलं, कोर्टानं सांगितलं म्हणजे झालं.

काही झालं नाही. एक महिना गेला, दुसरा गेला. पोस्टमन आमच्या बेड्यावरून, म्हणजे अंगणाच्या फाटकावरून, सायकल न थांबवता जायचा. मी परत वकिलांकडे गेले. त्यांनी दरखास्त दिली. हुकूम झाला तरी पैसे वसूल करायला वेगळा अर्ज करावा लागतो, त्याला दरखास्त म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. नवऱ्याचा पगार दवाखान्यातच जप्त करावा आणि माझी पोटगी त्यातून कोर्टात भरावी, अशी ती मागणी होती. मी खूश झाले. पैसे त्याच्या हातात पडायच्या आधीच माझ्याकडे वळणार, यापेक्षा चांगलं काय?

पुढच्या खेपेला वकिलांनी मला खुर्चीवर बसायला सांगितलं. एरवी मी बाकावर बसायची.

"बाई," ते म्हणाले, "त्यांच्या दवाखान्याकडून उत्तर आलंय. त्यांचा पगार शंभराच्या आत आहे."

मला अर्थ लागला नाही. "मग?"

"कायदा असा आहे, की पगारातले पहिले शंभर रुपये जप्त करता येत नाहीत. शंभराच्या वर जे असेल त्यातलेही निम्मेच. यांचा सगळाच पगार शंभराच्या आत बसतो. म्हणजे त्यातल्या एका आण्यालाही कोर्ट हात लावू शकत नाही."

"पण हुकूम तर कोर्टानंच दिलाय."

"दिलाय. तुमचा हक्क खरा आहे. वसुलीला जागा नाही."

मी म्हटलं, "असा कसा कायदा?"

त्यांनी चष्मा काढला. त्यांच्या वडिलांच्या वेळची हकिकत सांगितली. सावकार पगाराच्या दिवशी माणूस घेऊन कचेरीच्या दारात उभा राहायचा, सगळा पगार उचलून न्यायचा. कारकून नोकरी सोडून परागंदा व्हायचे. एकानं तर मुलाबाळांना टाकून बोटीनं मुंबई गाठली आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. "कमावत्या माणसाचं घर उपाशी पडू नये म्हणून ही मर्यादा घातली आहे. कर्ज कितीही असो, चूल पेटायला हवी, एवढाच त्यातला विचार. मला तो चांगला वाटतो. आजवर मी कित्येकांचे पगार त्यावर सोडवून आणलेत."

माझं शाळेतलं मराठी त्या क्षणी सुटलं. "आणि माझी चूल? मी खंयच्या घरातली?"

वकिलांनी हातातला चष्मा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "कायद्यानं घर धरलंय ते कमावणाऱ्याच्या छपराखालचं. तुम्ही त्या छपराबाहेर आहात. हे लिहिताना कोणाच्या मनात तुमच्यासारखी बाई आली नसावी."

मी दुसरे रस्ते विचारले. त्यांनी एकेक सांगितला. दिवाणी तुरुंगात घालता येईल, पण तिथं त्याच्या जेवणाचा खर्च मलाच भरावा लागेल. हे ऐकून मला हसू आलं आणि तेही हसले. दुसरं लग्न केलं म्हणून फौजदारी करता येईल. पण शिक्षा झाली तर नोकरी जाईल, मग पोटगी कशातून येणार? "सामान जप्त करायचं म्हणाल," ते पुढे म्हणाले, "तर स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, नेसूचे कपडे यांना कोर्टाचा बेलिफ हात लावू शकत नाही. मला माहीत आहे त्या घराची स्थिती. त्यापलीकडे तिथं काही नसेल."

मी उठले. त्यांनी माझ्या मुलीच्या हातावर दोन लिमलेटच्या गोळ्या ठेवल्या.

परतीच्या गाडीला अजून वेळ होता. स्टँडकडे जायचं सोडून माझे पाय मेढ्याकडे वळले. काय करायला चालले होते, मला माहीत नव्हतं. त्या छपराखाली काय आहे ते एकदा डोळ्यांनी बघावं, एवढंच मनात होतं.

आये ओटीवर सुकी सुंगटं निवडत बसली होती. सुंगटं म्हणजे कोळंबी. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं. मी तिच्या पाया पडले. तिनं मुलीला ओढून मांडीवर घेतलं आणि तिच्या केसांना, हातांना, पायांना हात लावत राहिली. तिनं नातीला जन्मल्यापासून पाहिलंच नव्हतं.

आतून ती आली. मी मनात तिचं जे चित्र रंगवलं होतं, त्यातलं तिच्यात काहीच नव्हतं. माझ्याहून मोठी, समोरचा एक दात पडलेला, पोटुशी. मागून एक मुलगा, आणि पदराला धरून एक लहान मूल. मला ओळखल्याबरोबर ती माझ्या मागे रस्त्याकडे बघायला लागली.

"बेलिफ खंय आसा?" तिनं विचारलं.

"कोण बेलिफ?"

"बेलिफाक घेवन इल्यात मां तुमी?"

आयेनं सांगितलं तेव्हा मला उलगडा झाला. जप्तीची गोष्ट चालली आहे असं त्यांच्या कानावर आलं होतं. तेव्हापासून हिनं घरातली तांब्यापितळेची भांडी शेजारणीकडे नेऊन लपवली होती. एका मातीच्या मडक्यात सगळा स्वयंपाक चालला होता. मुलाला रस्त्यावर पहाऱ्याला ठेवून, कोणी पट्टेवाला दिसला की ती दार लावून घ्यायची.

मी तिला काय वाटेल ते बोलू शकले असते. वर्षानुवर्षं जमवलेलं सगळं ओठावर होतं. पण माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच. "भांड्यांका हात लावूक येना नाय," मी म्हटलं. "आताच वकिलान माका सांगल्यान. भांडी नाय, हातरूण नाय, पगार पण नाय. कायएक न्हेवक येना नाय तुमच्या घरातला."

"खरां?"

"खरां."

ती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली. मुलगा घाबरून तिच्याकडे बघत होता. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि मुलाला म्हणाली, "जा रे, टोप घेवन ये." तो धावत गेला आणि शेजारणीकडून एकावर एक ठेवलेले टोप छातीशी धरून आला. त्यातला वरचा टोप माझ्या माहेरचा होता, माझ्या रुखवतातला. मी तो लगेच ओळखला.

आयेनं मला जेवायला बसवलं. सुंगटांची कढी आणि भात. भात इतका मोजका होता की मी बसले म्हणून ती बाई नंतर काय खाणार हे मला समजत होतं. ती वाढत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मी जेवले. उपाशी होते आणि पुढचा प्रवास होता. नवरा दवाखान्यातून यायच्या आत मी निघाले.

आये स्टँडपर्यंत आली. वाटेत तिनं विचारलं, "कोर्टान काय सांगल्यान ता माका नीट सांग." मी सगळं सांगितलं, शंभर रुपये, चूल, छप्पर. ती ऐकत होती.

"म्हणजे माझो झील कायद्याक सापडना नाय," ती म्हणाली.

"नाय."

"बरा," ती म्हणाली. गाडी सुटेपर्यंत ती स्टँडवर उभी होती.

महिनाभरानं असेल, दुपारी आमच्या बेड्यात बोचकं घेऊन आये उभी. तिच्या सत्तरीच्या आसपासच्या पायांनी ती सावंतवाडीला गाडी बदलून एकटी आली होती. भाऊ नेमका घरी होता. त्याचं तोंड उतरलं. तो काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "रे झिला, मी हंय खावक नाय इलंय. वसुलीक इलंय."

"कसली वसुली?"

"तुझ्या भयणीची. कायद्याक जमणा नाय, माका जमतला."

तिचा हिशोब सरळ होता. बायकोला तो विसरू शकतो, पण आईला उपाशी ठेवलं असं मालवणात कोणी म्हटलं, तर तो मान वर करू शकणार नाही. आता आई सुनेकडे राहायला आली. म्हणजे आईच्या पोटाचे पैसे सुनेच्या घरी आले पाहिजेत.

पुढच्या पगाराच्या दिवशी ती मालवणला गेली आणि दवाखान्याच्या पायरीवर पेशंटांच्या रांगेत बसली. हे सगळं तिनंच मला परत आल्यावर सांगितलं, हातवारे करून. डॉक्टरांनी तिला बघून विचारलं, "आजी, काय होतंय?"

"माका काय एक होवक नाय. पगाराची वाट बघतंय."

"कोणाच्या पगाराची?"

"तुमच्या कंपाउंडराच्या. मी तेची आवस."

दवाखान्यात हशा पिकला. नवरा बाटल्या सोडून बाहेर आला. "आये, घराक चल," त्यानं गयावया केली.

"घराक कित्या? मी सुनेकडे ऱ्हवतंय. मी जंय ऱ्हवतंय थंय माका पोसूक व्हया. दी."

त्यानं दिले. डॉक्टर बघत होते, पेशंट बघत होते. ते पैसे कोर्टानं ठरवले होते तेवढे नव्हते. पण आयेनं ते कमरेच्या पिशवीत घातले, तिकडच्या घरी गेली, नातवंडांना आंघोळ घातली, रात्र काढली आणि सकाळच्या गाडीनं आमच्याकडे आली.

तेव्हापासून दर महिन्याला हे सुरू झालं. कंडक्टर तिला ओळखायला लागले. ती चढली की म्हणायचे, "बेलिफ इले, जागा देवा." तिला ते नाव आवडायचं. भावाचं मनही हळूहळू निवळलं. तांदूळ विकत आणता येत होते. मुख्य म्हणजे म्हातारी घरात बसून राहणारी नव्हती. ती वहिनीच्या मुलांना सांभाळायची, माडाची सावळं, म्हणजे झावळ्या, विणायची, माझ्या मुलीला गोष्टी सांगायची. खाडीपलीकडे तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. तिकडून एखादी होडी येताना दिसली की ती मुलांना पोर्तुगीज शिपायांच्या खऱ्या-खोट्या गोष्टी सांगून घाबरवायची.

एका महिन्यात ती रिकाम्या हातानं आली. तिकडच्या घरात लहान मुलाला विषमज्वर झाला होता, म्हणून पैसे तिनं तिथंच ठेवले. मी चिडले. इतक्या वर्षांत मी तिच्यावर पहिल्यांदाच आवाज चढवला. "तुमी माझ्यासाठी गेल्यात काय तिच्यासाठी?"

ती शांतपणे पाय चोळत बसली होती. "थंयची पोरां पण माझीच," ती म्हणाली. "आणि भांडी घराक हाडूक तूच सांगितलंस मां?"

तिचं खरं होतं. पण राग गेला असंही नाही. त्या महिन्यात आम्ही कुळथाच्या पिठीवर काढलं आणि मी दोन-तीन दिवस तिच्याशी तुटकच बोलले. मूल बरं झालं, तेव्हा तिनं ते मला सांगितलं. मी म्हटलं, "बरा झाला." ते मात्र मनापासून म्हटलं.

आये घरात होती म्हणून मला मोकळीक मिळाली. मुलीला तिच्याकडे ठेवून मी पुस्तकं घेतली आणि राहिलेल्या इयत्ता करून सातवीच्या फायनलला बसले. भाऊ हसला होता. आये म्हणाली, "हसतस कित्या रे? मास्तरीण झाली तर तुझ्याच घरात पैशे येतले." पास झाले, आणि पुढे वर्षभरानं जवळच्या एका वाडीतल्या शाळेत मला शिक्षिकेची नोकरी मिळाली. पहिला पगार हातात आला तेव्हा मी तो आयेच्या पायाशी ठेवला. तिनं त्यावर हात फिरवला आणि विचारलं, "शंभराच्या आत मां?"

"होय."

"मगे कोण न्हेवक शकना नाय," ती म्हणाली आणि पैसे मला परत दिले.

तिचं ते बोलणं लवकरच खरं करून दाखवायची पाळी माझ्यावर आली. भावानं मिठागर सोडून होडी घेतली होती. त्या कर्जाला मी जामीन राहिले होते. पहिल्याच वर्षी जाळं फाटलं, हप्ते थकले. सावकार शाळेच्या आवारात आला आणि मुलांच्या देखत म्हणाला, "बाई, तुमचो पगार जप्त करतलंय."

 मी खडू खाली ठेवून त्याला सांगितलं, पहिल्या शंभराला हात लावता येत नाही, माझा पगार त्याच्या आत आहे, वाटल्यास वकिलाला विचारा. माझ्यावर एक लेक आणि एक म्हातारी अवलंबून आहे. कर्ज आम्ही बुडवणार नाही, पण ते होडीच्या कमाईतून फिटेल, माझ्या चुलीतून नाही. तो कुरकुरत गेला आणि खरोखर विचारून आला असावा, कारण पुन्हा शाळेत आला नाही. भावानं दोन हंगामांत त्याचं सगळं फेडलं.

त्या दिवशी घरी जाताना मला मालवणची ती खुर्ची आठवली. ज्या कायद्यानं मला दाराबाहेर ठेवलं होतं, त्यानंच आज माझं दार राखलं होतं. मला त्याचा आनंद झाला आणि जुनी बोचही गेली नाही. दोन्ही एकाच वेळी होतं. वकिलांना भेटून हे सांगावं असं फार वाटलं.

ते भेटले काही काळानं, कुडाळच्या स्टँडवर. आता काठी घेऊन चालत होते. मी सांगायच्या आतच म्हणाले, "बाई, तुमच्या यजमानांचा पगार शंभराच्या वर गेलाय असं कळलं. थोडं का होईना, आता जप्त होईल. दरखास्त देऊ या?"

मी आयेला विचारून कळवते म्हणाले. घरी आम्ही दोघी त्यावर बोलत राहिलो. ती म्हणायची, "माझ्या पायांक आता बस सोसना नाय, कोर्टाकडसून येतले तर येवंदेत." मी म्हणायची, तिकडे आता चार मुलं आहेत. आज देऊ, उद्या देऊ करता करता कायदाच बदलला. शंभराचे दोनशे झाले. नवऱ्याचा पगार पुन्हा आतच राहिला. मी आयेला हे सांगितलं तेव्हा ती खोकला येईपर्यंत हसली.

तिचे पाय खरंच थकले. एका महिन्यात ती जाऊ शकली नाही. पगाराचा दिवस उलटून गेला आणि त्यानंतरच्या रविवारी नवरा स्वतः आला. बारशानंतर आमच्या अंगणात त्याचं पाऊल पहिल्यांदा पडत होतं. दार माझ्या मुलीनं उघडलं. ती तेव्हा मोठ्या शाळेत जायला लागली होती.

"कोण व्हये?" तिनं विचारलं.

"आये आसा मां घरात?" तो एवढंच म्हणाला. आतून आयेनं आवाज ओळखला आणि ओरडली, "बापूस तो तुझो! आत घे तेका, उन्हात कित्या उभो केलंस?"

मी चहा केला. काय वाटलं, ते आज नेमकं सांगता येणार नाही. लग्नातला तो, कोर्टातला तो आणि हा पांढऱ्या केसांचा, चहाची बशी दोन्ही हातांनी धरलेला माणूस, मला एकच वाटत नव्हता. त्यानं पैसे आयेच्या उशाशी ठेवले. जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "चुकलंय मी." मी म्हटलं, "होय." त्याहून जास्त आम्ही त्या विषयावर कधीच बोललो नाही.

मग तो दर महिन्याला येत राहिला. मुलगी त्याच्याशी आधी बोलायची नाही. पुढे ती त्याला औषधांबद्दल विचारायला लागली, कुठलं मिश्रण कशावर देतात, कडू का लागतं. त्या एका विषयावर त्याला भरभरून बोलता यायचं.

आये गेली तेव्हा तो होता, ती दुसरी बाई होती, सगळी मुलं होती. त्या बाईनं आणि मी मिळून तिला आंघोळ घातली, नवं लुगडं नेसवलं. दिवसकार्याच्या जेवणाला आम्ही दोघी एकाच चुलीपाशी बसलो. तिचा मोठा मुलगा, तो पहाऱ्यावर बसायचा तो, आता गोव्यात खाणीवर कामाला लागला होता. ती मला म्हणाली, "म्हातारीन दोन घरां एकटीन चालवली." मी मान डोलावली.

आईच्या पोटासाठी म्हणून येणारे पैसे आता थांबतील असं मला वाटलं. पुढच्या महिन्यात तो आला. पैसे मुलीच्या हातात दिले. 

मुलगी मॅट्रिक झाली आणि नर्सिंगच्या कोर्सला तिला प्रवेश मिळाला, तिथं राहण्या-जेवणाची सोय होती. त्या महिन्यात तो आला तेव्हा मी त्याला समोर बसवून सांगितलं, "आता पुरे. माझो पगार माका पुरता. तुमच्या ल्हान चेडवाच्या शिक्षणाक लावा हे."

त्याची तिकडची धाकटी मुलगी अजून शाळेत होती. त्यानं नोटा हातातच धरल्या. मग विचारलं, "मगे मी येव नको?"

"येवा," मी म्हटलं. "पोर सुट्टीक येयत तेव्हा येवा."

त्यानं मान हलवली, नोटा घडी करून खिशात ठेवल्या. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून मी त्याला पान वाढलं, आणि तो जेवून गेला.